नदी सोडण्याचा नेम

चिक्कडपल्ली, हैदराबाद
४ जुलै १९५६

ती. वन्संच्या पायी इंदुमतीचा नमस्कार.

पत्र तक्रारीचे आहे, म्हणून आधीच क्षमा मागते. तुमच्या भावाची तक्रार तुमच्याकडे नाही करायची तर कोणाकडे? सासूबाई असत्या तर तुम्हाला तसदी दिली नसती. पण आईच्या मागे यांना तुम्हीच न्हाऊमाखू घालून वाढवलेत, आणि तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत, हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे.

दर रविवारी पहाटे साहेबांची जीप दारात येते. हे यांच्या पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब, प्रतापराव. विलायतेत शिकायला गेले आणि मासे धरण्याचा नाद घेऊन आले. काठी तीन तुकड्यांची, तिला दोरी गुंडाळायची चरखी. संगारेड्डीच्या पुढे मांजरेच्या डोहात दोघे गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि दोरी डोक्यावरून भिरकावतात. गळाला किडा नाही की कणीक नाही, पिसांची खोटी माशी. ती पाण्यावर टेकली की खडस नावाचा मासा वर येऊन गिळतो. मग त्याला ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात. मी म्हटले, "सोडायचा तर धरायचा कशाला?" तर म्हणतात, "अगं, तो वर येतो ना, तेवढ्यासाठी."

या माश्या बांधतात हे. ऑफिसात नकाशे काढणारा हात. साहेब म्हणतात, विलायतेहून मागवलेल्या त्यांच्यापुढे फिक्या. साहेबांचा जीपवाला दौलत मलाच ऐकवतो, "बाई, रावसाब के हाथ में करामत है, मच्छी भी धोका खाती." पण वन्सं, ती पिसे मुर्गी चौकातून येतात. कोंबड्याच्या मानेची! माझ्या देवघरापासून चार पावलांवर. परवा बाळकृष्णाच्या मोरपिसातले दोन तंतू कमी दिसले, त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यात राज्याच्या वाटणीचा घोर. हैदराबाद राज्य मोडून तीन तुकडे तीन राज्यांना जाणार, तशी नोकरमाणसेही वाटली जाणार. मराठी म्हटले की मुंबई राज्यात टाकतील म्हणतात. यांनी 'इथेच राहू द्यावे' असा पसंतीचा कागद दिला आहे. मामंजींनी बांधलेले घर, मुलीचे नारायणगुड्याच्या शाळेत मॅट्रिकचे वर्ष, आम्ही कुठे जाणार? अशा वेळी देव आपल्या बाजूला हवा की नको? घरचा माणूस रविवारी मुक्या जीवांना फसवत हिंडतो, आणि मी त्याच देवाला म्हणते, आम्हाला इथून हलवू नकोस.

एकादशी जवळ आली. यांनी चातुर्मासाचा नेम म्हणून नदी सोडावी, चार महिने काठीला हात लावू नये, आणि त्या पुण्याईवर आमचे हैदराबाद टिकावे, एवढेच मागणे आहे. मी सांगितले तर हसतील. तुम्ही लिहिले तर ऐकतील.

आपली
इंदुमती


परभणी
११ जुलै १९५६

चि. सौ. इंदुमतीला आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याच्या आधी दत्तूचंही आलं होतं, ख्यालीखुशालीचं. त्यात काही विशेष नव्हतं.

तू म्हणतेस ते मला पटलं. आजच त्याला लिहिलं, एकादशीला हातावर पाणी घे आणि नदी सोड. का म्हणून विचारू नको, ताई सांगते म्हणून सोड. लहानपणी मुसीच्या पुलाखाली मासे बघत बसायचा, तेव्हा मी कान धरून घरी आणायची. आता तू माझ्या हातानं कान धरवतेस. हुशार आहेस.

बाकी इकडं यावं लागलं तर आभाळ कोसळणार नाही हो. आपल्या भाषेत कचेरी चालेल, आपली माणसं असतील. माझ्याकडं मागची खोली रिकामीच पडलीये. पण तुला चिक्कडपल्ली म्हणजे वैकुंठ!

मोरपिसावरून उपाशी राहत जाऊ नकोस. पित्त होतं.

प्रमिला


चिक्कडपल्ली
२३ जुलै १९५६

ती. वन्संना नमस्कार.

तुमचे उपकार कसे फेडू? तुमचे पत्र यांनी उभ्यानेच वाचले, घडी घातली, पुन्हा उघडून वाचले. मला विचारले, "ताईला तू काही लिहिलं होतंस?" मी खोटे बोलले नाही. म्हटले, "हो, नेमाचं लिहिलं होतं." म्हणाले, "तेवढंच?" मी म्हटले, "आणखी काय लिहिणार?" मग पत्र खिशात ठेवून म्हणाले, "ताईनं सगळा विचार करूनच सांगितलं असेल." एकादशीला देवापुढे बसून पाणी सोडले.

काल रविवार. जीप आली. हे अनवाणीच बाहेर गेले. मी दाराआडून ऐकत होते. साहेब म्हणाले, "चार महिने? दत्तात्रय, पाऊस ओसरून पाणी निवळतं तेव्हाच खडस खरा वर येतो. नेमके तेव्हाच तुम्ही नाही?"

"नेम घेतला आहे, साहेब."

"कुणासाठी?"

हे काही बोलले नाहीत. साहेब दौलतला म्हणाले, "चलो." न्यायी माणूस आहे, रागावले नाहीत. मी देवापुढे तुपाची वात लावली. घर दिवसभर शांत होते.

इंदुमती


परभणी
२० ऑगस्ट १९५६

चि. सौ. इंदुमतीस,

नेम चाललाय ना? दत्तू मला लिहीत नाही. रुसलाय का? मागच्या खोलीला चुना लावून घेतला. कशाला म्हणून विचारशील, तर पावसानं पोपडे आले होते. कार्डावर एवढंच मावतं.

प्रमिला


चिक्कडपल्ली
३० सप्टेंबर १९५६

ती. वन्संना नमस्कार.

नेम असा चालला आहे की मलाच धन्य वाटते. गेल्या महिन्यात दौलत दारी आला. "बाई, साब ने बोले, रावसाब नदी पे नक्को आने दो, मगर चार मख्ख्या तो बांध के देव." हे आत हात धूत होते. मी बाहेरच सांगितले, "माश्या बांधणंही नेमातच येतं. साहेबांना सांग." हे पंचा घेऊन बाहेर आले तेव्हा जीप वळत होती. मी काय म्हटले ते सांगितले. म्हणाले, "हे ताईनं लिहिलं होतं?" म्हटले, "यात लिहायचं काय? पाप ते पाप." पंचा खांद्यावर टाकून आत गेले.

आता साहेबांनी नामदेवरावांना धरले आहे. हे यांच्याच ऑफिसातले, आठ वर्षांच्या नोकरीचे, परभणीकडचेच. त्यांची पहिली माशी पाहून साहेब म्हणाले म्हणे, "ही माशी की झुरळ?" बिचारे आमच्या ओट्यावर शिकायला येतात. वन्सं, तुम्ही पाहायला हवे होते. नामदेवराव पिसे घेऊन बसतात आणि हे समोर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तोंडाने सांगतात, "दोरा डावीकडून. एवढं आवळू नका. पीस उलटं धरलंत." एकदा हात सुटून पुढे आला, तो तसाच मागे घेतला. नेम म्हणजे नेम. मी चहा नेऊन ठेवला आणि मनात म्हटले, देव हे पाहत असेल.

यादी दिवाळीच्या आधी लागेल म्हणतात. मला काळजी नाही.

इंदुमती


चिक्कडपल्ली
२९ ऑक्टोबर १९५६

ती. वन्संना नमस्कार.

यादी लागली. यांचे नाव मुंबई राज्यात. आणि नेमणूक कुठे, तर कच्छात. जुलैत तिथे धरणीकंप होऊन गावे पडली, ती नव्याने वसवायची आहेत, नकाशे काढणारी माणसे कमी पडतात, म्हणून तिकडे. नामदेवराव इथेच राहिले. तेही मराठी, यांच्या निम्मीही नोकरी नाही. मग हे कसे झाले?

मी म्हटले, साहेबांना भेटा. म्हणाले, "कुठे भेटू? रविवारी साहेब नदीवर असतात." मी रडले. तर पानावरून म्हणाले, "वाढ. भात निवतोय."

भाऊबीजेच्या दिवशीच्या गाडीने निघतील. परभणीवरूनच गाडी जाते. तुम्ही त्यांना दोन दिवस उतरवून घ्या. माझ्याशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतील. मुंबईत कोणाची ओळख निघेल तर पाहा. मुलीच्या वर्षासाठी मी इथेच राहते आहे.

माझ्या नेमात काय उणे पडले, एवढे मला कोणी सांगेल का?

इंदुमती


परभणी
६ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. इंदुमतीस,

ताट घेऊन तासभर आधी स्टेशनात जाऊन बसले होते. कच्छ माझ्याही ध्यानीमनी नव्हतं गं. नांदेड, औरंगाबाद, फार तर बीड, इथवर माझी धाव.

गाडी आली. दत्तू खिडकीशी होता. म्हटलं, "उतर. खालची ट्रंक उतरवायला मी हमालाला सांगते." म्हणाला, "हजर व्हायची तारीख आहे." म्हटलं, "मग दारात तरी ये, ओवाळते." दारात गर्दी आहे म्हणाला. मीच खिडकीशी हात उंचावून ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन गेलं, बाजूच्या माणसानं काडी ओढून दिली. कपाळ पुढं केलं, टिळा लावून घेतला. ताटात ओवाळणी टाकली. आणि गाडी हलताना म्हणाला, "ताई, मागच्या खोलीला चुना लावलास म्हणे. छान केलंस."

हे त्यानं असं का म्हणावं, मला काही कळलं नाही.

फराळाचा डबा माझ्या हातातच राहिला.

प्रमिला


चिक्कडपल्ली
१८ नोव्हेंबर १९५६

वन्सं,

तुम्हाला कळले नाही म्हणता. मला कळले, ते लिहिते.

तुमचा भाऊ कुठलाही कागद आधी कच्चा काढतो, मग पक्का. नकाशा असो की बहिणीला पत्र. कार्तिकी झाली, यांच्या नकाशाचा पाट पुसायला काढला, तर खालच्या कागदांत १ जुलैच्या तुम्हाला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा होता. जसा आहे तसा उतरवते:

"आज पाण्यात उभे असताना साहेब म्हणाले, यादीसाठी नावे माझ्याकडून जायची आहेत. दिवाळीपर्यंत असेच माझ्याबरोबर या. तुमच्याशिवाय मला नदीवर करमत नाही, आणि मला लागणारा माणूस मी बाहेर जाऊ देणार नाही. ताई, आपले घर राहिले म्हणून समज. इंदूला सांगितलेले नाही. यादी लागेपर्यंत बोलू नका, असे साहेबांनी बजावले आहे, आणि तिच्या पोटात राहायचे नाही. तुला मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही."

हे पत्र तुम्हाला मिळाले. मग माझे मिळाले. मग तुम्ही मला लिहिलेत, 'ख्यालीखुशालीचं, त्यात काही विशेष नव्हतं.' आणि यांना लिहिलेत, नदी सोड, का म्हणून विचारू नको.

यांना वाटले, ताईला दोन्ही बाजू ठाऊक आहेत, तरी सांगते, म्हणजे काही बघूनच सांगत असेल. आईच्या जागी मानलेल्या बाईवर माणूस आणखी काय विश्वास ठेवणार?

मी अजाण होते. तुम्ही जाणून केलेत. माझ्या देवाचे नाव पुढे करून केलेत.

उत्तर नाही दिलेत तरी चालेल.

इंदुमती


परभणी
२ डिसेंबर १९५६

इंदुमती,

उत्तर देणार. मी काही घाबरत नाही.

होय, वाचलं होतं. तीनदा वाचलं. अठरा वर्षं झाली ह्या घरात मी भिंतींशी बोलते. कधी आलीस तू? दोनदा. एकदा नात्यातल्या लग्नाला आणि एकदा हे गेले तेव्हा सुतकाला. राज्य मोडणार ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ह्या मोडण्यात आपल्याला काहीतरी मिळेल. दत्तू इकडं येईल. शनिवारी येईल, सोमवारी जाईल. एवढंच. मग त्याचं ते पत्र आलं, की साहेब त्याला सोडणार नाही. आणि मागोमाग तुझं, की नदी सोडायला सांगा. देवानंच ताट वाढून पुढं सरकवलं असं वाटलं मला. तू देवाकडं गाव मागितलंस, मी भाऊ मागितला. दोघींनी एकाच माणसाच्या हातावर पाणी घातलं.

पण एक सांग. मी लिहिलं होतं, नदी सोड. माश्या बांधू नको असं मी कुठं लिहिलं होतं? दौलतला दारातून कुणी परत लावलं? चार माश्या गेल्या असत्या तर साहेबाची माया राहिली असती. काठी मी ठेवायला लावली. बोटं तू बांधलीस. आणि वर मला लिहिलंस, देव पाहत असेल! पाहिलं त्यानं.

आता भांडण बास. इथले आबासाहेब वकील सांगत होते, ज्यांना वाटणी चुकीची झाली असं वाटतं त्यांना अर्ज करता येतो. मार्चअखेर मुदत आहे. त्याला हैदराबादच मागू दे. मला नको इकडं. मी तसं त्याला लिहिते, माझ्या अपराधासकट लिहिते. तू साहेबाच्या पाया पड.

प्रमिला


चिक्कडपल्ली
१० फेब्रुवारी १९५७

वन्संना,

साहेबांच्या बंगल्यावर गेले होते. पाया पडू दिले नाही. म्हणाले, "बाई, मी वाईट माणूस नाही. मला सोबत हवी होती. तुमचे यजमान एक शब्द जरी बोलले असते, की साहेब, थोडं थांबा, तर मी थांबलो असतो. ते गप्प राहिले, मला वाटलं माझाच कंटाळा आला." मग म्हणाले, "नामदेवराव पाण्याला भितात. काठावरूनच दोरी फेकतात, ती झाडात अडकते. अर्ज येऊ द्या. मी शिफारस लिहितो."

म्हणजे आता फक्त यांची सही हवी आहे. अर्ज दोन प्रतींत सुवाच्य लिहून आजच रजिस्टरने पाठवला. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुलीही केली आहे. तुम्ही लिहिलेत ना? पुन्हा लिहा.

यांची बोटे मी बांधली म्हणता, ते खरे आहे.

इंदुमती


परभणी
१९ मार्च १९५७

चि. सौ. इंदुमतीस,

पाच पत्रं टाकली. उत्तर एकाचं नाही. तुला काही आलं का? बारा दिवस राहिलेत. तार करावी म्हणते.

प्रमिला


चिक्कडपल्ली
१४ एप्रिल १९५७

वन्सं,

मुदत जाऊन पंधरा दिवस झाले. काल यांचे कार्ड आले. उतरवते, म्हणजे मी काही चाळून सांगते असे वाटायला नको.

"अर्ज मिळाला. पाठवला नाही. प्रकृती ठीक. तंबूत राहतो. जी घरे पडली त्यांचे नकाशे कोणाकडेच नाहीत, म्हणून म्हाताऱ्या बायका दारात बसून सांगतात, इथे चूल होती, इथे पाणी ठेवायची जागा होती, आणि मी काढतो. मी त्यांना विचारतो, मग काढतो. ताईची सर्व पत्रे मिळाली. तिने अपराध लिहिला, तो वाचला. राग नाही. पण माझ्या भल्याचे काय, हे आता तुम्ही दोघींनी ठरवू नये. मुलीला आशीर्वाद."

तीन वेळा वाचले. ये असे म्हटलेले नाही. येऊ नको असेही नाही.

मुलीची परीक्षा संपली. आंध्राची राजधानी कर्नूलहून इकडे आल्यापासून तिकडची नोकरमाणसे घरे शोधत फिरत आहेत. त्यातल्या एका तेलुगू कुटुंबाला हे घर भाड्याने दिले. चांगली माणसे आहेत. त्यांची बाई पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "अम्मा, इकडे मी माझा देव मांडू?" मी म्हटले, मांडा. याच घरासाठी मी एवढे केले, आणि किल्ली मीच तिच्या हातात दिली, याचे मलाच नवल वाटले.

माझे देव डब्यात घेतले आहेत. मुलगी बरोबर आहे. मनमाडला गाडी बदलून मुंबई, तिथून पुढे गुजराथेतून कच्छ. यांना कळवलेले नाही. कळवले तर नको म्हणायला जागा होईल. दारात जाऊन उभी राहीन. तंबूला दार असते की नाही कोण जाणे. काय म्हणायचे ते ठरवून जात नाही. पहिल्यांदाच काही न मागता जाते आहे.

तुमच्यावर माझा राग आहे. तो तुम्हीही माझ्यावर ठेवा, त्यात कमी करू नका.

येत्या गुरुवारी गाडी परभणीला थांबेल. तुम्ही स्टेशनवर येऊ नका.

इंदुमती